भांड की त्याच्याशी!

"देवावर श्रद्धा असली की मन शांत राहतं का हो?" मी समुपदेशनाचं काम करते म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो, मग ते लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर पर्वती चढताना. तुम्ही विचारलंत म्हणून आईचं सांगते.

माझा धाकटा भाऊ ३१ व्या वर्षी गेला. तेराव्यानंतर आईनं देवघरावर जुन्या नऊवारीचं फडकं टाकलं. रोज पहाटे निरांजन लावणारी बाई ती. आता समईत तेल काळं, चिकट होऊन बसलं होतं, सहाणेवर चंदनाचा थर वाळून तडकला होता. दुःख तर होतंच, पण तिला आतून पोखरत होतं भेटायला आलेल्या एका बाईंचं वाक्य: "कुळाचारात काहीतरी राहून गेलं असणार." रात्री-अपरात्री उठून आई आठवत बसायची, कुठल्या नवरात्रात अखंड दिवा विझला होता.

ही शिक्षेची भावना मला फार घातक वाटते. केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत ५५ च्या पुढच्या ५९६ आजारी माणसांची दोन वर्षं पाहणी केली होती. निष्कर्ष २००१ मध्ये आले. देवानं आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेमच नाही, असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त दिसला. एका पाहणीवरून सगळं ठरत नाही, हे मला माहीत आहे. पण आईकडे बघताना ती सारखी आठवायची.

डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. त्यावरही कुणीतरी सांगितलं, पारायणाला बसा, गोळ्या बंद करा. तिनं केल्या. तीन आठवड्यांत जेवण तुटलं. आजही ते आठवलं की मला संताप येतो. पारायण करायचं तर जरूर करावं, पण डॉक्टरांना न विचारता गोळी का सोडायची?

पुढच्या आषाढवारीत माउलींची पालखी भवानी पेठेत मुक्कामाला आली, तेव्हा शेजारच्या काकू आईला ओढूनच घेऊन गेल्या. मीही होते. तिथे एका ओसरीवर वारकरी बायका टेकल्या होत्या. आईनं तेलाची वाटी घेतली आणि त्यातल्या एकीचे पाय चोळायला लागली. टाचांच्या भेगांत माती बसलेली, अंगठ्याला फोड. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आईच म्हणाली, "मी त्याच्याशी बोलत नाही हल्ली."

"मग भांड की," ती म्हणाली. "अठ्ठावीस युगं उभाच हाय त्यो. जातोय कुठं?"

जनाबाईनं तर विठ्ठलाला शिव्या घातल्या आणि वारकऱ्यांनी ते अभंग जपले. रागावलेल्या माणसालाही जिथे जागा आहे, ती श्रद्धा मनाला आधार देते, असं मला मनापासून वाटतं. शिवाय भजनी मंडळात दोन दिवस दिसला नाहीत तर कुणीतरी दार वाजवतं. एकट्या माणसाला ते फार मोठं असतं. श्रद्धा नसलेल्यांनाही अशी माणसं मिळाली की ते सावरतात, हे मी कामात रोज बघते.

आठवडाभरानं स्वयंपाकघरात होते, तर आतून आईचा चढलेला आवाज आला. भावाचं नाव घेऊन ती जाब विचारत होती. मी गॅस बारीक केला आणि तिथेच उभी राहिले. खूप वेळानं ती बाहेर आली आणि म्हणाली, समई घासायला चिंच भिजत घाल.

गोळ्यांची पट्टी आता देवघराच्या फळीवरच असते. दिवा लावला की लगेच घेता येते, म्हणते.