वाफसा, धने आणि दुर्वांची हरळी: सोसायटीच्या वाफ्यांची हस्तातली नोंद

जागा पुण्यातली. काळी माती, त्यात बांधकामाच्या वेळचा मुरूम. ४ बाय ८ फुटांचे सहा वाफे, त्यातल्या दोघांवर दुपारी तीननंतर इमारतीची सावली. हस्त नक्षत्र (सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा) लागलं तेव्हा मांडवावर दोडका आणि पडवळ होते, भेंडी शेवटच्या तोड्यांवर होती आणि तीन वाफे मोकळे.

मोकळ्या वाफ्यांना लगेच कुदळ लावली नाही. काळी माती ओली असताना खणली की ढेकळं पडतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्यांच्या विटा होतात. मग बी फटींत खोल जातं आणि मेथी ठिगळाठिगळांनी उगवते. वरचा थर पांढुरका दिसला तरी भुलू नये, खाली चिखलच असतो. चार बोटं खालची मूठभर माती घ्यायची, लाडू वळायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा आला, म्हणजे माती खणण्याजोगी झाली, ओल आहे पण चिखल नाही. चपटा होऊन बसला तर आणखी दोन दिवस हात लावायचा नाही. यंदा शेवटच्या मोठ्या सरीनंतर उन्हातल्या वाफ्याला चार दिवस लागले आणि सावलीतल्यांना सहा.

वाफसा आल्यावर वीतभर खणून वाफ्यामागे दोन घमेली मुरलेलं कंपोस्ट आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळली, गादी सहा इंच उचलली. परतीचा पाऊस पुण्यातून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत सहसा हलत नाही, त्यामुळे इतक्यात सपाट वाफा करणं म्हणजे बी कुजवणं.

कोथिंबीर मुद्दाम सावलीच्या वाफ्यात. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी पारा बत्तीस-तेहतीसला जातो, तेवढ्यात धन्याची उगवण मंदावते आणि आलेली कोथिंबीर लवकर फुलावर जाते. २० ग्रॅम धने गोणपाटावर पसरून चपलेने हलके रगडले. दाण्याच्या दोन डाळ्या व्हाव्यात, भुगा नको. बारा तास भिजवून सावलीत कोरडे केले, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल ओळींत पेरले आणि वर ओलं गोणपाट टाकलं. सहाव्या दिवसापासून रोज सकाळी गोणपाटाचा कोपरा उचलून पाहायचं. पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी ते काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी पिवळे कोंब विणीतून वर घुसतात आणि गोणपाट उचलताना माना मोडतात. यंदा एका कडेच्या दोन ओळी अशाच गेल्या.

मेथी ३० ग्रॅम, उन्हाच्या वाफ्यात, ओळींत. फेकून पेरली की निंदता येत नाही, आणि लव्हाळा तर गाठीसकट उपटल्याशिवाय जात नाही. चौथ्या दिवशी उगवली, दहाव्या दिवशी एक कोपरा पिवळा पडला. रोप उपटून पाहिलं तर मूळ तपकिरी, बोटाने ओढताच साल सुटत होती. मूळकूज. कारण साधं: सकाळची पाळी एकाची, संध्याकाळी दुसऱ्याने ‘बिचारी सुकलीत’ म्हणून पुन्हा झारी धरलेली. आता नळाशी पाटी टांगली आहे. पाणी दिलं की वाफ्याचा आकडा लिहायचा. सामाईक बागेत रोपं पाण्यावाचून कमी मरतात, प्रेमाने जास्त.

दोडक्याची फळं वाकडी होऊन आतून सडत होती, ती फळमाशी. तिथे मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषाचा सापळा टांगलेला होता, पण तो आंबा-पेरूवरच्या माशीचा. वेलवर्गीय भाज्यांना क्यू ल्यूर हे दुसरं आमिषच लागतं. तेही फक्त नर पकडतं, म्हणून किडकी फळं रोज तोडायला हवीत. ती कंपोस्टमध्ये टाकू नयेत, अळ्या मातीत उतरून तिथेच कोष करतात. बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार दिवस उन्हात ठेवली.

कंपोस्टमध्ये गणपतीचं निर्माल्य पडलं होतं. जानवी आणि हारांचे दोरे काढले, पण दुर्वांच्या जुड्या तशाच राहिल्या. दुर्वा म्हणजे हरळीच. ढीग गरम झाला नाही तर कांडीला मुळं फुटतात आणि खताबरोबर वाफ्यात जातात. जुन्या खतात बोटभर हिरवे फुटवे सापडले. नवरात्राचं निर्माल्य आल्यावर दुर्वा असतील त्या वेगळ्या काढून आधी पत्र्यावर कडकडीत वाळवायच्या. झेंडूला ही भीती नाही, फक्त हारांतला प्लास्टिकचा दोरा तोडून काढा.

टोमॅटो ट्रेमध्ये आहे, कोकोपीट आणि गांडूळखत निम्मे-निम्मे. पाणी फक्त सकाळी. रात्री ओली राहिलेली रोपं मातीलगत बारीक होऊन कोलमडतात. लावणीच्या आठवडाभर आधी भेंडी मुळासकट काढायची. तिच्यावर हळद्या (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणूचा रोग) आहे. तो विषाणू टोमॅटोचा नव्हे, पण तो पसरवणारी पांढरी माशीच टोमॅटोची पानं वळवणारा विषाणूही पसरवते.

लसणाचा वाफा तयार करून रिकामा ठेवलाय. पहाटे चादर ओढावीशी वाटायला लागली की बाहेरच्या जाड पाकळ्या निवडून, शेंडा वर ठेवून, ओळींत सहा इंच आणि पाकळ्यांत चार इंच अंतरावर. गड्ड्याच्या मधल्या बारीक पाकळ्या फोडणीला.