हौद गेले, चौकांची नावं राहिली

फडके हौद, काळा हौद, बदामी हौद... पुण्यात रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो बरोबर चौकात आणून सोडतो, पण तिथे खरंच हौद होता आणि त्यात कात्रजचं पाणी यायचं हे आता किती जणांना माहितीये? मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पेठांना पाणी पाजणारी ती पूर्ण व्यवस्था होती आणि तिला एकही पंप लागत नव्हता.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजला आंबील ओढ्यावर बांध घालून ते पाणी पार शनिवारवाड्यापर्यंत आणलं. साधारण 8 किलोमीटर, सगळं उताराच्या जोरावर. जमिनीखालून दगडी बांधकामाचा नळ, माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल एवढा मोठा, आणि मधेमधे हवा खेळायला, दाब मोकळा व्हायला उच्छ्वास. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो गाळाचा विचार! वरच्या तळ्यात गाळ खाली बसणार, निवळलेलं पाणी खालच्या तळ्यात उतरणार, मग वाटेतल्या हौदांत थांबून अजून निवळणार. म्हणजे पाण्याला पळू द्यायचंच नाही.

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा लोक परत या हौदांकडे आणि वाड्यातल्या विहिरींकडेच वळले होते.

आणि 25 सप्टेंबर 2019 ची रात्र तर आपल्या सगळ्यांनाच आठवते. तोच आंबील ओढा. अरण्येश्वर, सहकारनगरच्या बाजूला भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. पाऊस भयंकर होता हे खरंय आणि असे पाऊस आता वाढत जाणार, पण ओढ्याला पसरायला जागा आपणच ठेवली नव्हती. आणि एवढं पाणी वाहून गेल्यावरही उन्हाळ्यात सोसायटीच्या गेटवर टँकर असतोच. आपला खडक बसाल्ट, त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मुरेल तेवढंच पाणी मिळतं, म्हणून तर ते जागोजागी अडवायला लागतं.

नुसतं बांधकाम करून भागत नाही हेही जुन्या लोकांना पक्कं कळत होतं. धुळे, नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवर फड पद्धत आहे, काही शे वर्षं जुनी. फड म्हणजे एकत्र भिजवायच्या शेतांचा गट. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, पण कुठल्या फडाला कधी सोडायचं ते पाटकरी बघतो, शेतकऱ्याने स्वतः पाट फोडायचा नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे हे सगळे बसून आधीच ठरवतात. आपल्या सोसायटीत पाणीकपात सुरू झाली की काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

म्हणून पेठांमधल्या लोकांना एक कळकळीची विनंती. रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये वाड्यातला आड किंवा विहीर बुजवायचा विषय निघाला तर लगेच सह्या करू नका. आधी उपसून बघा, गाळ काढा, पाणी लॅबला पाठवा, गच्चीवरचं पाणी गाळून त्यात सोडता येतं का ते प्लंबरला विचारा. प्यायला नाही चाललं तरी फ्लशला, झाडांना, गाड्या धुवायला चालेल, आणि बिल्डरला प्लॅनमध्ये तेवढी जागा सोडायला आत्ताच सांगावं लागेल, पाया खणल्यावर नाही.