कॅशबॅक संपला, तरी गिऱ्हाईक टिकलं

यूपीआय लोकांनी पहिल्यांदा का घेतलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे: २०१६ची नोटाबंदी, मग स्क्रॅच कार्डं आणि कॅशबॅक. आज त्या कार्डांतून बहुतेक वेळा कुठलं तरी बिनकामाचं कूपन निघतं. तरीही दादरच्या भाजीगल्लीत शंभराची नोट पुढे केली की भाजीवालीच म्हणते, ‘सुट्टे नाहीत, जीपे करा.’ अ‍ॅप कुठलंही असो, क्रियापद हेच.

खरी मेख सुट्ट्यांत आहे. मे २०२५मध्ये बेस्टच्या एसी बसचं किमान भाडं ६ रुपयांवरून १२ झालं. वरचे दोन रुपये खिशात रोज कोण ठेवणार? ही कटकट एकदा सुटली की बक्षिसाची गरज उरत नाही.

दुकानदाराचं गणित वेगळं. जानेवारी २०२०पासून बँक खात्यातून आलेल्या यूपीआय रकमेवर त्याला कमिशन द्यावं लागत नाही, आणि पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या स्पीकरच्या डबीने मोठं काम केलं. पूर्वी गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर विश्वास ठेवावा लागे, खोटे स्क्रीनशॉटही चालून जात. डबीत स्वतःचं सिम असतं, त्यामुळे मालकाचा फोन घरी असला तरी गल्ल्यावरच्या पोऱ्याला रक्कम ऐकू येते. डबीचं महिन्याचं भाडं मात्र कुरकुरत का होईना, भरावं लागतं.

माणूस बिथरतो तो ‘पेंडिंग’वर. पैसे देणाऱ्याची बँक, यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था आणि घेणाऱ्याची बँक, या साखळीत एकाचंही उत्तर वेळेत आलं नाही की व्यवहार लटकतो. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, आधी खात्याचा तपशील बघा. पैसे कापले गेले असतील तर त्या व्यवहाराची ओळख असलेला १२ आकडी यूटीआर क्रमांक टिपून अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारातून तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमानुसार व्यक्तीला पाठवलेले अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

चहा-वडापावसाठी यूपीआय लाइट, म्हणजे अ‍ॅपमधलंच छोटं पाकीट, वापरा. यात ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात. दर वेळी तुमच्या बँकेच्या मुख्य सर्व्हरचं दार ठोठवावं लागत नाही, म्हणून व्यवहार अडकण्याचं प्रमाण कमी. शिवाय पासबुकात दहा-दहा रुपयांच्या ओळींची रांग लागत नाही. फक्त फोन बदलण्याआधी लाइट बंद करून शिल्लक खात्यात वळवा, ती त्याच फोनशी बांधलेली असते.

आणि नवा फोन हीच ती जागा, जिथे बरीच ज्येष्ठ मंडळी यूपीआयपासून कायमची तुटतात. नोंदणीसाठी अ‍ॅप तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवतं. रिचार्जमध्ये एसएमएस नसतील किंवा दोन सिमपैकी चुकीचं निवडलं असेल, तर गाडी तिथेच अडते, आणि ‘बँकेत काहीतरी बिघडलंय’ असा समज होतो. डेबिट कार्ड नसल्यामुळे पिन ठेवता येत नसेल तर आधार ओटीपीचा पर्याय निवडा. मात्र आधारला आणि बँकेला एकच मोबाइल नंबर जोडलेला हवा.