मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर व्यायाम करताना

मानेतला मज्जारज्जू पूर्ण दुखावला असेल, तर हृदयाचा वेग वाढवण्याचा मेंदूचा निरोप खाली पोहोचत नाही. सगळा जोर लावूनही नाडी बहुधा ११० ते १३० च्या आसपासच अडते. त्यामुळे घड्याळातला आकडा नको, दम बघा: बोलता येतंय पण गाता येत नाही, इतके श्रम पुरे.

सुरुवातीला आठवड्यातून दोनदा २० मिनिटं हातांची सायकल आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, प्रत्येकी १० वेळा असे तीन सेट. चाकखुर्ची ढकलून छातीचे स्नायू तसेही आखडतात, खांदा पुढे ओढला जातो. म्हणून रबरी पट्टा मागे ओढण्याचे व्यायाम जास्त करा. पलंगावरून खुर्चीत नेणारा खांदा हाच. त्याचं दुखणं अंगावर काढू नका.

दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असेल, तर व्यायामाआधी मूत्राशय रिकामं करा; ते भरलेलं राहिलं तर रक्तदाब एकदम चढू शकतो. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. आडवं करू नका! ताठ बसवा, पट्टे सैल करा, लघवीच्या कॅथेटरची नळी मुडपली आहे का पाहा. तरीही उतरलं नाही तर ताबडतोब रुग्णालय गाठा.