बॅटला लागलं, हे हाताला कळतं

सोलापूरच्या होम मैदानावर सकाळी मी पोरापोरींना क्रिकेट शिकवतो. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठला, मैदानातले खिळे-काचा वेचून झाल्या, की रविवारच्या मॅचेस सुरू होतात. मग दर दोन-तीन रविवारी कुणीतरी पालक मला बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारतात : "सर, अंपायरनं नॉट आउट दिलं होतं, तरी आमचं पोरगं स्वतःहून का निघून आलं? असं का शिकवता?" गेल्या रविवारी तुम्ही विचारलंत. तेव्हा पुढची जोडी आत पाठवायची घाई होती, नीट बोलता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळं सांगतो.

तुमचं म्हणणं नियमाला धरून आहे, हे आधी मान्य करतो. अपिलाचा ३१वा नियम आहे. अपील नसेल तर अंपायर आउट देऊ शकत नाही, पण आउट झालेल्या बॅट्समनला अपिलाची वाट न बघता जाता येतं. जाता येतं, इतकंच. गेलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. तुम्ही इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडचं उदाहरण दिलंत, तेही बरोबर. २०१३ ची ट्रेंट ब्रिजची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ॲशेस कसोटी. ॲश्टन अगरचा चेंडू ब्रॉडच्या बॅटची कड घेऊन कीपरला लागला आणि स्लिपमध्ये क्लार्कच्या हातात गेला. ब्रॉड जागचा हलला नाही, अंपायर अलीम दार यांनी नॉट आउट दिलं, आणि निर्णय तपासून घ्यायला ऑस्ट्रेलियाकडे रिव्ह्यू उरला नव्हता. ३७ वरचा ब्रॉड ६५ पर्यंत गेला आणि इंग्लंड १४ धावांनी जिंकलं. हा हिशेब मलाही दिसतो.

पण ब्रॉडसमोर तटस्थ अंपायर होते. होम मैदानावर कोण असतं? बॅटिंग करणाऱ्या टीमचीच दोन पोरं पांढरी टोपी घालून उभी राहतात.

मी एकोणीस वर्षांचा होतो. साखर पेठेतली आमची टीम, एप्रिलचं ऊन, अकरालाच जमिनीचा चटका बुटातून लागत होता. अठरा रन हवे होते आणि मी सेट झालेलो. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला मी बॅट घातली आणि खालच्या हाताच्या बोटांत बारीकशी थरथर आली. ज्यानं लेदर बॉल खेळलाय त्याला ती ओळखू येते. कीपरनं चेंडू धरला, सगळे ओरडले. अंपायरला माझा जिवलग मित्र उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली आणि पिचवरची माती बॅटनं ठोकत बसलो. त्यानं मान हलवली : नॉट आउट.

कीपर अशोक चौकातला होता. तो माझ्याकडे आलाच नाही, थेट मित्राकडे गेला. "तुला ऐकू आलं की बे. खरं सांग की." मित्र काही बोलला नाही, नुसता स्टंपकडे बघत राहिला.

आम्ही जिंकलो. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसलो होतो, तेव्हा तो म्हणाला, "आउट तू होतास, खोटं मात्र मला बोलायला लावलास." त्यानंतर मी बॅटिंगला असलो की तो कधी अंपायरला उभा राहिला नाही. आजही आमचं जाणं-येणं आहे. त्या गोष्टीवर मात्र पुन्हा बोलणं झालेलं नाही.

म्हणून मी शिकवतो. बॅट्समन थांबला की निर्णयाचं ओझं अंपायरवर जातं, आणि आपल्याकडे तो अंपायर बारा-तेरा वर्षांचा, आपल्याच टीमचा, आपल्याच गल्लीतला असतो. त्यानं मित्राला आउट द्यायचं, की समोरच्या टीमच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचं? ज्याला खरं माहीत आहे त्यानंच ते सांगावं.

"आमच्या पोराला कधी चुकीचं आउट देतात, त्याचं काय?" हेही विचारता. देतात, आणि मला त्याचा त्रासही होतो. पण ती चूक असते. चुकीची फेड माहीत असलेल्या खोट्यानं करायची, हे मला पटत नाही. आणि पायचीतला मी कुणालाही जायला सांगत नाही, ते काम अंपायरचंच. बॅटला लागलं की पॅडला घासलं हे कळलं नाही, तरीही थांबायचं. हाताला पक्कं कळलं, तरच निघायचं.

२००३ च्या विश्वचषकात श्रीलंकेविरुद्धची उपांत्य फेरी. अरविंद डिसिल्वाला स्वीप मारताना ऑस्ट्रेलियाच्या गिलख्रिस्टच्या बॅटची कड लागली. अंपायर रूडी कर्टझन नाही म्हणून मान हलवत होते आणि गिलख्रिस्ट २२ वर असताना स्वतःहून चालू लागला. पोरांना मी तो प्रसंग सांगतो. १९८० ची वानखेडेवरची कसोटीही सांगतो. इंग्लंड ५ बाद ५८ असताना बॉब टेलरला आउट दिलं होतं, आणि आपला कॅप्टन विश्वनाथनं अपील मागे घेऊन त्याला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथमनं १७१ ची भागीदारी केली आणि आपण १० विकेटनी हरलो. हरलो, हे मी पोरांपासून लपवत नाही.

गेल्या रविवारी तुम्ही तंबूजवळ होतात, तुम्हाला दिसलं नसेल. तुमच्या मुलाला नॉट आउट दिलं ती मुलगी त्याच्याच वर्गातली. मान हलवली तिनं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. तो तिच्या बाजूनं जाताना "लागली होती" एवढंच म्हणाला. तिनं त्याच्याकडे बघून बोट वर केलं. मग चेंडू मोजायला घेतलेल्या खड्यांपैकी एक डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकला आणि नव्या बॅट्समनला गार्ड द्यायला नीट उभी राहिली.