सव्वा इंचाचं भोक

गेल्या वर्षी २० मार्चला, चिमणी दिनाच्या एका प्रदर्शनातून लाकडी घरटं आणलं. साडेचारशे रुपये. लाल पत्र्याचं छप्पर, पुढे बसायला गोल दांडी, दोन इंचांहून मोठं तोंड, दारावर रंगवलेलं फूल. चिमण्यांनी आठवडाभर काड्या नेल्या आणि मग साळुंक्या आल्या. दांडीवर बसून त्यांनी एकेक काडी ओढून खाली टाकली. त्यांचंही पुढे काही जमलं नाही. एप्रिलात सोलापूरचं ऊन चढल्यावर छपराला हात लावून पाहिला, भाकरी भाजली असती त्यावर.

यंदा सरळ गल्लीतल्या सुतारमामांकडे गेले. घर चिमणीचंच करायचं, हे पक्कं होतं. दयाळ, साळुंकीला मोठं तोंड लागतं. चिमणीला ३२ मिलिमीटर पुरतं. मामांच्या भाषेत सव्वा इंच. (बुलबुलासाठी असलं घर टांगून वाट बघणारी माणसं मला माहीत आहेत. बुलबुल पेटीत राहतच नाही हो!)

मामांनी सागवान काढलं. मी म्हटलं, खोक्याच्या फळ्या चालतील, औषध न मारलेल्या, पाऊण इंच जाडीच्या. तेही मान्य झालं. पण 'आतून रंधा मारू नका' म्हटल्यावर मामा दुखावले. ''वहिनी, असलं खरबरीत काम माझ्या दुकानातून बाहेर गेलेलं नाही.'' पिल्लांना तोंडापर्यंत चढायला पायाला पकड लागते, गुळगुळीत फळीवरून ती घसरतात, हे तीनदा सांगितलं. शेवटी बाहेरून रंधा मामांच्या मनासारखा, आतली बाजू माझ्या. पॉलिश कुठेच नाही. तळ पाच इंच चौरस, तोंड तळापासून पाच इंच वर, पाणी निथळायला खाली चार बारीक छिद्रं, झाकण बिजागरीवर, म्हणजे विणीनंतर जुन्या काड्या काढता येतात. दांडी मात्र नाही. चिमणीला तिची गरज नसते, बसायची सोय होते ती कावळ्याची. तरी मामांनी दोनदा विचारलं, ''दांडी विसरला नाहीत ना?''

एकाऐवजी तीन करून घेतली, चिमण्यांना शेजार लागतो. पूर्वेच्या भिंतीला, सज्जाखाली, दहा फुटांवर. मांजराची उडी तिथवर जात नाही.

परवापासून मधल्या घरात काळ्या गळ्याचा चिमणा डोकावतोय. आज माझ्या नव्या केरसुणीची काडी घेऊन गेला. लाल छपराचं घर दोरीपाशी लटकवलंय, कपड्यांचे चिमटे ठेवायला.