लाइट लागतोय पण पोर्ट दिसत नाही – माझा अनुभव

भाच्याला शाळेच्या प्रदर्शनासाठी कुंडीतली माती सुकली की दिवा लागेल असं काहीतरी करायचं होतं, म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड, आणला, ओरिजिनल नाही, आपला नेहमीचा स्वस्तातला, यूएसबीचं काम बघणाऱ्या सीएच३४० चिपवाला. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ (लिनक्स) आहे, त्यात ह्या चिपचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो, त्यामुळे लावला की चालला असं भाच्याला मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो होतो. बोर्ड लावला, लाल दिवा लागला आणि प्रोग्राम पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बोर्ड जिथे दिसायला हवा त्या पोर्टच्या मेनूत काहीच नाही.

"मामा, लाइट तर लागतोय ना?"

आता लाइट लागला म्हणजे फक्त करंट पोचला, डेटा पोचेलच असं नाही, काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. माळ्यावरून जुन्या कॅमेऱ्याची मिनी यूएसबी केबल शोधून काढली, तेच. पोर्ट वापरायची परवानगी मिळावी म्हणून युजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाकून लॉगआउट लॉगिन केलं, तेच. मग बोर्डच मेलेला दिसतोय म्हणून परत करायला बिल शोधून ठेवलं.

रात्री जेवण झाल्यावर काय वाटलं कोण जाणे, टर्मिनलवर डीमेसेज (सिस्टिममध्ये काय घडतंय ते दाखवणारी कमांड) चालू ठेवून केबल काढून परत लावली. आणि धडाधड ओळी आल्या! नवीन यूएसबी डिव्हाइस सापडलं, व्हेंडर १ए८६, प्रॉडक्ट ७५२३, ड्रायव्हर जोडला, टीटीवाययूएसबी० (म्हणजे तो पोर्ट) तयार, आणि लगेच खाली डिसकनेक्टेड. मधल्या एका ओळीत बीआरएलटीटीवाय असं नाव.

ही भानगड नंतर कळली. यूएसबीत बोर्डाच्या बाजूला दीड किलोओहमचा एक रेझिस्टर डेटाची एक तार वर खेचून धरतो, त्यावरून हबला कळतं की कोणीतरी आलंय, मग कॉम्प्युटर त्याला रीसेट करून १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि तू कोण विचारतो, तेव्हा तो हे दोन आकडे सांगतो, एक कंपनीचा आणि एक वस्तूचा. पण स्वस्त बोर्डवाले चिपचेच आकडे तसेच ठेवतात. अंध लोक वापरतात त्या एका ब्रेल डिस्प्लेमध्येही हीच चिप, हेच आकडे, आणि उबुंटूत ब्रेलसाठी बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम आधीच बसवलेला. त्याला वाटलं आपलंच माणूस आलं, त्याने बोर्ड ताब्यात घेतला आणि पोर्ट गायब. म्हणजे ओळख पटत नव्हती असं नाहीच, जरा जास्तच पटत होती.

आमच्याकडे ब्रेल डिस्प्ले कोणी वापरत नाही म्हणून मी ते पॅकेजच काढून टाकलं. कोणाला लागत असेल तर काढू नका, त्याची यूडेव्हच्या (कुठलं डिव्हाइस लावलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या) नियमांची फाइल ईटीसीमधल्या यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरमध्ये त्याच नावाने कॉपी करा आणि तिथे ७५२३ ची ओळ सुरुवातीला हॅश (#) लावून बंद करा, म्हणजे अपडेट आलं तरी बदल राहतो.

केबल परत लावली, पोर्ट आला. अपलोड मात्र तरीही फेल, कारण ह्या क्लोनला प्रोसेसरच्या मेनूत ओल्ड बूटलोडर (बूटलोडर म्हणजे बोर्डातला, आपला प्रोग्राम उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम) निवडावं लागतं, त्यात अजून वीस मिनिटं गेली. शेवटी साडेअकराला दिवा लुकलुकला, आणि भाच्याने ते बिल घेऊन त्याच्या पाठकोऱ्या बाजूला सेन्सरच्या वायरी काढायला सुरुवात केली.